एका कानाचं मडकं

हातातली वस्तू भाजलेली खापरी आहे की नुसता दगड, हे ओळखायची मामांची रीत साधी होती. ते ती चाटायचे. भाजलेली माती ओल ओढून घेते, म्हणून जिभेला चिकटते. दगड चिकटत नाही. इतपत चाटणं उत्खननाच्या धंद्यात बरेच जण करतात, त्यात नवल नाही. पण मामा तेवढ्यावर थांबायचे नाहीत. डोळे मिटून, जीभ टाळ्याला लावून ते सांगायचे, माती नदीच्या कुठल्या वळणावरची, जाळलेलं लाकूड ओलं होतं की सुकं, आणि मडकं करणारी बाई तापट होती की शांत. एकदा एक खापरी त्यांच्या जिभेला अशी चिकटली की संध्याकाळपर्यंत सुटेना, आणि मामा जिभेवरच्या खापरीसकट सगळ्यांना सूचना देत हिंडत होते. त्या दिवशी कामं जरा जास्तच नीट झाली, असं आमच्या तळावर अजून म्हणतात. मी स्वतः ते पाहिलेलं नाही, पण पाहिलेल्या माणसांपेक्षा मला ते जास्त चांगलं आठवतं.

मामा खरे एकाच मुलीचे. तिच्या आईचे धाकटे भाऊ. ती खापरांचा अभ्यास शिकायला त्यांच्या खोदकामावर आली आणि पहिल्याच सकाळी, खाली चरात उभ्या असलेल्या उत्खननप्रमुखांना काठावरून ओरडून म्हणाली, "मामा, टोपी उलटी घातलीये तुम्ही!" झालं. तेव्हापासून मजूर, विद्यार्थी, तपासणीला येणारे अधिकारी, सगळ्यांचे ते मामा झाले आणि ती सगळ्यांची भाची. मी तिथं चित्रं काढायला होतो. सापडलेल्या भांड्याचं मापात चित्र काढावं लागतं, कारण फोटोत सगळे उंचवटे दिसत नाहीत. मला लोक पेन्सिल म्हणत; भाची तेवढी आदरानं पेन्सिलकाका म्हणायची.

आमचं टेकाड नदीच्या काठाला होतं. माणसानं शिकारीमागे पळणं कमी करून पहिल्यांदा धान्य पेरलं, जनावरं दावणीला बांधली, कुडाची घरं उभी केली, त्या काळाला नवाश्मयुग म्हणतात. अशी एक वस्ती पडली की तिच्या मातीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असं होत होत तो ढीग साचला होता. वरून खाली खणत गेलं की नव्याकडून जुन्याकडे जायचं. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं कळतं, आणि मामांचं काय चुकलं तेही कळतं.

त्या सर्वांत खालच्या थरात आम्हाला राखेचा एक खड्डा लागला आणि खड्ड्यात एक फुटकं मडकं. सगळेच्या सगळे तुकडे एका जागी! असं सहसा होत नाही. भाचीनं ते जुळवलं. ती जुळवायला बसली की तुकडेच एकमेकांना हाका मारत येतात असं वाटायचं. उभं राहिल्यावर मडकं काही देखणं दिसेना. तोंड एका बाजूला कललेलं, पोट सुजल्यासारखं, आणि कान एकच. दुसऱ्या बाजूला कानाची जागा नुसती खरखरीत. पण त्याला उलटं केलं आणि मामांच्या तोंडून शब्द फुटेना; त्यांच्या बाबतीत हा आजारच म्हणायला हवा.

ओलं मडकं चटईवर वाळत ठेवलं की बुडावर विणीचा ठसा उमटतो. चटई कुजून जाते, ठसा भाजल्यावर कायम होतो. तसे ठसे आम्हाला आधीही मिळाले होते, साधे, एक पट्टी वर एक पट्टी खाली असे. हा तसा नव्हता. उभ्या-आडव्या जोडपट्ट्या, त्यांच्यातून दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या, आणि मध्ये आठ कोनांची भोकं, ओळीनं, नेमकी. एवढ्या जुन्या काळात असली वीण जगात कुठे मिळाल्याचं मामांना माहीत नव्हतं.

"अष्टकोनी विणीचे लोक," मामा हळूच म्हणाले. त्या क्षणी एका संस्कृतीचा जन्म झाला. चहा होईपर्यंत ती चालायला लागली, आणि जेवणापर्यंत तिचं लग्नही ठरलं. एकच कान का? कारण करणारी बाई डावखुरी होती, तिला दुसऱ्या कानाची गरज नव्हती. मग त्या समाजात डाव्या हाताला मान होता. मग त्यांची घरंही डावीकडून उघडत असणार. मामांना दार सापडलं नव्हतं, पण ते कुठल्या बाजूला होतं हे कळलं होतं.

भाचीचं लक्ष मडक्यावर नव्हतं. तिला त्या खड्ड्याजवळची माती खटकत होती. चराच्या भिंतीत एका जागी रंग फिका होता, कड भुसभुशीत होती. तिनं ते सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "उंदरानं पोखरलंय."

"एवढा मोठा?"

"नवाश्मयुगात सगळंच मोठं होतं."

खड्ड्यातला कोळसा तपासायला पाठवला तर तो जुनाच निघाला, हवा तेवढा जुना. मडक्याची स्वतःची तपासणी करायची म्हणजे त्याला भोक पाडून चिमूटभर भुकटी काढायची. ते मामांनी करू दिलं नाही. "आठ हजार वर्षं टिकलेल्या अंगाला मी सुई लावू देणार नाही."

आणि मग ती दुपार. दुसऱ्या विद्यापीठातून आठ-दहा जण मडकं बघायला आले होते. आम्ही सगळे खापरांच्या खोलीत लांब टेबलाभोवती उभे होतो. भाची जेवणानंतर जेवणघरात जमिनीवर बसून, एका वेताच्या खुर्चीच्या बैठकीवर हात आणि हातावर डोकं टेकून झोपली होती. हाका मारल्यावर ती तशीच उठून आली, केस विस्कटलेले, डोळे चोळत. टेबलापाशी आली आणि थबकली. मग तिनं आपला हात, कोपरापासून मनगटापर्यंत, उलट्या ठेवलेल्या मडक्याशेजारी आडवा ठेवला.

तिच्या कातडीवर वीण उमटली होती. जोडपट्ट्या, तिरप्या पट्ट्या, आठ कोनांची भोकं.

"मामा," ती म्हणाली, "हे बघा."

मामांनी बघितलं. मी त्यांच्या समोरच होतो, म्हणून सांगतो, त्यांनी नीट बघितलं. मग त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुण्यांतला एक जण मिशीत हसायला लागला होता, आणि तो कुणाला हसतोय हे अजून ठरायचं होतं. मामांनी ते ठरवून टाकलं.

"वा!" ते म्हणाले. "आमची भाची खापरं झोपेत ओळखते! तरी बरं, पालथी झोपली नाही. नाहीतर पुरावा दाखवायची पंचाईत झाली असती."

खोली फुटली हसून. मीही हसलो. भाचीनं हात मागे घेतला, बाही खाली ओढली. "मामा, मी मस्करी करत नाहीये," ती म्हणाली, पण हसण्यात ते कुणाला नीट ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तरी त्या वाक्याला पुन्हा हशाच मिळाला असता. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या लाल चेहऱ्यासमोर मामांनी अजून एक विनोद केला, तो मी इथं सांगत नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण विनोद चांगला होता, आणि चांगला विनोद मामांना कधी टाकून देता आला नाही. त्यानंतर जिथं जिथं त्यांचं भाषण झालं तिथं सुरुवात 'भाचीच्या खुर्ची'नं. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. आधी ती झोपली होती. मग घोरत होती. मग तिला स्वप्नात आदिम बाई येऊन चहा मागून गेली. लोक खुर्चीवरून पडायचे. भाची कुठल्या परिषदेला गेली की कुणीतरी तिला हमखास आरामखुर्ची देऊ करायचं. दोन हंगाम तिनं काढले. मग एक दिवस तिनं आपली ब्रशची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "पेन्सिलकाका, हे ब्रश चांगले आहेत. वापरा," म्हणाली आणि गेली. न्हाणीघराच्या फरश्या बनवणाऱ्या कारखान्यात तिला नोकरी लागली. भाजलेली फरशी ठोकून आवाज ऐकायचा, तडा असेल तर बाजूला काढायची. कारखान्यात म्हणे कुणी तिच्याशी वाद घालत नसे.

मामांना तिची आठवण यायची. "कामाची पोरगी होती, पण मनाला फार लावून घ्यायची," असं म्हणत. म्हणताना खिडकीकडे बघत.

बऱ्याच वर्षांनी संग्रहालयानं त्या मडक्यासाठी वेगळं दालन काढलं. मधोमध काचेची पेटी, पेटीत मडकं, आणि खाली आरसा, म्हणजे बुडावरची वीण वाकायला न लागता दिसावी. भिंतीवर माझी चित्रं. संध्याकाळी उद्घाटन होतं. सकाळी मी एक चित्र सरळ करत शिडीवर होतो, मामा पेटीभोवती नवरदेवासारखे फिरत होते, आणि मामी आल्या. मामा इस्त्रीचा कोट घरीच विसरले होते, तो हातावर घेऊन.

मामींनी ते मडकं अख्खं कधी पाहिलं नव्हतं. मामांच्या पुस्तकांवर बुडाचा फोटो असायचा, तेवढाच त्यांच्या ओळखीचा. भाषणांना त्या जात नसत. "घरी ऐकते तेवढं पुरे," म्हणत.

त्या पेटीपाशी आल्या आणि थांबल्या.

"अगं बाई! हे इथं कसं?"

"काय?" मामा म्हणाले.

"हे माझं मडकं!"

"हो, हो. माझं ते सगळं तुझंच."

"अहो, चावटपणा नको. खरंच माझं आहे. हा कान बघा ना, वेडावाकडा. दोन लावले होते मी. एक गळून पडला, तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं झालं, एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोय नको."

मामा हसले. हसू ओठांवर राहिलं आणि वरचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला. त्यांनी काचेला हात टेकला.

"कधी?"

"कधी म्हणजे? लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या टेकाडावर आले होते तेव्हा. तुम्ही नाही का सगळ्या पोरांना जुन्या माणसांसारखी मडकी करायला बसवलं होतं? चाक न घेता, मातीच्या वळकट्या एकीवर एक रचून. मलाही बसवलंत. नव्या नवरीच्या हाताला चिखल!"

आमच्या धंद्यात हे करतात. जुनी माणसं मडकी कशी भाजत असतील ते कळावं म्हणून त्याच नदीची माती, त्यात तसाच भुसा, तशीच भट्टी करून स्वतः भाजून बघायचं. मामांनी अशा किती तरी भट्ट्या लावल्या होत्या. मी कामाला लागलो त्याच्या खूप आधीपासून.

"वाळवायला कुठे ठेवलं होतंस?" मामांचा आवाज शिडीवर मला जेमतेम आला.

"खुर्चीवर. जेवणघरातल्या. सगळीकडे तुमची धूळ, मग दुसरीकडे कुठे ठेवणार? तुम्ही ओरडलातसुद्धा, बसायला जागा नाही म्हणून."

"आणि भाजलं?"

"खाली, चराच्या तळाशी खड्डा खणून. वर वारा होता ना. माझं तेवढं फुटलं. मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, उगी, आपण त्याला इथंच पुरू." मामी काचेला नाक लावून हसत होत्या. "म्हणजे मी आठ हजार वर्षांची झाले! दिसते का हो?"

हंगाम संपला की चर परत मातीनं बुजवतात. नंतर कधीतरी आम्ही शेजारचा चर घेतला तेव्हा त्या जुन्या चराच्या कडेत शिरलो होतो. ती फिकी, भुसभुशीत माती बुजवलेल्या चराची होती. कोळसा जुना निघाला, कारण खड्डाच जुन्या राखेत खणलेला होता. हे सगळं मला शिडीवर उभ्या उभ्या कळलं, म्हणजे मामांना ते केव्हाच कळून चुकलं असणार. ते माझ्याकडे बघेनात. मामींकडेही बघेनात.

मामींचं हसू उशिरा थांबलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांना आठवलं. "अहो. ती खुर्चीचं म्हणत होती ना?"

मामांनी काचेवरचा हात काढून घेतला.

"भाची म्हणाली होती. हात दाखवला होता तिनं. आणि तुम्ही..." मामी कोट छातीशी धरून उभ्या राहिल्या. "आज ती येतेय. मी फोनवर किती विनवण्या केल्या तेव्हा कुठे हो म्हणाली. मी म्हटलं, मामा बदललेत आता, ये."

"आजचा दिवस जाऊ दे," मामा म्हणाले. "एवढी माणसं येणार आहेत. दालन झालंय. नंतर बघू, शांतपणे, पद्धतशीर..."

"आणि संध्याकाळी काय सांगणार? तीच गोष्ट? तिच्या तोंडावर?"

"नाही सांगणार ती गोष्ट. दुसरं काहीतरी बोलेन."

मामींनी कोट पेटीच्या कोपऱ्याला अडकवला. "मी कुणाजवळ बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं हसं मी करणार नाही. पण तुमच्या शेजारी आज बसायचीही नाही. मी तिच्याजवळ बसेन." आणि गेल्या.

मामा दिवसभर त्या दालनात होते. त्यांचा तो दिवस मी पाहिला आणि एरवी असतं तर चार लोकांत रंगवून सांगितला असता, पण त्याला रंग लावायला जागाच नाही. ते नुसते बाकावर बसले होते. मध्येच उठून आरशात वाकून बघत. ठसा आहे तिथंच असे. पुन्हा येऊन बसत. एकदा मला म्हणाले, "पेन्सिल, तिनं हात ठेवला तेव्हा मला दिसलं होतं रे."

मी विचारलं, "काय?"

"दिसलं होतं. एक क्षण. मग तो पाहुणा हसला." त्यांनी तळहातानं गुडघे चोळले. "आणि मला वाटलं, हा मला हसतोय."

दुपारनंतर संग्रहालयाच्या संचालिका बाई लगबगीनं आल्या. मामा उठले, "बाई, मला जरा तुमच्याशी..." म्हणाले. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "मामा, ते नंतर. आज ती खुर्चीची गंमत मात्र सांगायचीच हं! पाहुणे तेवढ्यासाठी आलेत." मामांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सभागृह भरलं. पहिल्या रांगेत कडेला मामी आणि त्यांच्याशेजारी भाची. कारखान्यातून थेट आली असावी. पांढऱ्या भुकटीची एक रेघ तिच्या चपलेवर होती. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती, बसचा थांबा जवळ आलेल्या माणसासारखी. लांब बाह्यांचा ड्रेस घातला होता.

मामा बोलायला उभे राहिले आणि लोक आधीच गालात हसायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी लोकांना तशी सवयच लावली होती.

"हे मडकं," मामा म्हणाले, "माझ्या बायकोनं केलेलं आहे."

हशा! टाळ्या! कुणीतरी मागून "वहिनी, अजून एक करा!" म्हणून ओरडलं.

"मी खरं सांगतोय. त्याला एकच कान आहे, कारण दुसरा चिकटला नाही."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पुढचे गृहस्थ शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारत होते. मामांनी घाम पुसला, तर तोही त्यांना नकलेचा भाग वाटला.

"आणि ते वाळवायला ठेवलं होतं वेताच्या खुर्चीवर. भाची बरोबर बोलली होती. पहिल्या दिवसापासून बरोबर बोलली होती."

आता मात्र सभागृह कोसळलं. इतक्या वर्षांच्या गोष्टीला मामांनी आज केवढा झकास शेवट आणला! संचालिका बाई डोळे टिपत होत्या. सगळे वळून वळून भाचीकडे बघत होते, तीही हसतेय का ते बघायला. ती हसत नव्हती. ती मामांकडे बघत होती, तडा आहे का ते ऐकताना फरशीकडे बघत असेल तशी.

मामांचे कान लाल झाले. ते व्यासपीठावरून खाली उतरले, हातातला माईक तसाच घेऊन, आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू सांग," ते म्हणाले. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू जात होतं. "हे लोक माझं ऐकत नाहीयेत. तुझं ऐकतील."

"मी?" भाची म्हणाली. "मी सांगितलं होतं, मामा."

"हो."

"मग माझं सांगून झालंय."

तिनं माईकला हातही लावला नाही. शेजारी मामी मान खाली घालून बसल्या होत्या. हसणं पुढच्या रांगांतून विझत मागे गेलं. शेवटच्या रांगेत कुणीतरी अजून हसत होतं, ते एकटं ऐकू आलं आणि बंद पडलं.

मामा परत वर गेले. मग त्यांनी सांगितलं. एकही विनोद न करता, थर कुठून कुठपर्यंत, जुना चर कुठे होता, कड का ओळखता आली नाही, कोळशानं का फसवलं, आणि मडक्याला सुई का लावू दिली नाही. "भीती होती," ते म्हणाले, "पण मी तिला श्रद्धा म्हणत होतो." डावखुऱ्या बाईंबद्दल त्यांनी क्षमा मागितली. त्यांच्या घरांच्या दारांबद्दलही मागितली, आणि आता खरं तर लोक हसायला हवे होते, पण कुणी हसलं नाही. शेवटी खुर्चीच्या गोष्टीवर आले. ती कितीदा सांगितली, कुठे कुठे सांगितली, घोरण्याचं आणि स्वप्नाचं कधी जोडलं, हे सगळं. ते ऐकणं फार कठीण होतं. मागे चपला वाजायला लागल्या, लोक उठून जायला लागले. संचालिका बाईंनी शेजारच्या दालनात जाऊन पेटीवरचा दिवा बंद केला. मामांना थांबा म्हणायची मात्र कुणाची हिंमत झाली नाही.

बाहेर पायऱ्यांवर भाची आणि मामी उभ्या होत्या. मी मामांच्या मागे दोन पावलं राहिलो.

"माझं चुकलं," मामा म्हणाले.

"हो," भाची म्हणाली.

त्यांना वाटलं असावं, पुढे ती काहीतरी बोलेल. मलाही वाटलं. ती नुसती पर्सचा पट्टा सरळ करत राहिली. मग मामाच म्हणाले, "बाकीची खापरं बघावी लागतील. त्याच चरातली. मी जुनी म्हणून लावलेली आणखीही असतील तसली. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही आता. तू येशील का?"

"नोकरी आहे मला."

"हो. बरोबर."

"आठवड्याच्या सुट्टीला येईन," ती पर्स खांद्याला लावत म्हणाली. "पण एक आहे. मी काम करताना तुम्ही खोलीत नको."

"नको," मामा म्हणाले. "नाही येणार."

तेव्हापासून असं चाललंय. सुट्टीच्या दिवशी भाची सकाळी येते, बाह्या दुमडते, आणि खापरांच्या खोलीत आम्ही दोघं बसतो. ती एक एक तुकडा उचलते, नखानं टिचकी मारून आवाज ऐकते, भिंगाखाली धरते, आणि दोन ट्रेंपैकी एकात टाकते. चाटत नाही. मी चित्रं नव्यानं काढतो. बाहेरच्या व्हरांड्यात मामा स्टुलावर बसलेले असतात. लोक येतात जातात, त्यांना विचारतात, "मामा, बाहेर का?" ते म्हणतात, "आत काम चाललंय." आधी मला वाटलं होतं, एक-दोन आठवड्यांत ती त्यांना हाक मारेल. मामींनाही तसंच वाटलं होतं. त्या दोन दिवस जास्तीचा डबा घेऊन आल्या होत्या. आता त्याही ते बोलत नाहीत.

परवा मात्र एक झालं. भाचीच्या हातात एक बारीक तुकडा आला, बुडाचा, साध्या चटईचा ठसा असलेला, एक पट्टी वर एक पट्टी खाली. तिनं तो खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ फिरवून बघितला. तेवढी शांतता व्हरांड्यात पोचली असावी. स्टूल सरकलं, आणि दाराच्या फटीशी मामांचा आवाज आला, अगदी खाली, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

"खरं आहे का ते?"

भाचीनं दाराकडे पाहिलं. मग पुन्हा तुकड्याकडे.

"अजून बघतेय," ती म्हणाली.

"बरं," मामा म्हणाले, आणि परत जाऊन बसले.